पळायचं जमेल हो, पण पैसे मागायचे कसे?

मागच्या अंकात "चॅरिटीसाठी पळणाऱ्यांनो, अडलंय कुठे ते लिहा" म्हटलं होतं, तर बरीच पत्रं आली आणि गंमत म्हणजे त्यातली ४ एकाच आजाराभोवती फिरणारी निघाली, सिस्टिक फायब्रोसिस, सगळे सीएफ म्हणतात तो. आईवडिलांकडून येतो, अंगातलं मीठ-पाणी इकडून तिकडे नेणारी एक यंत्रणा बिघडलेली असते, त्यामुळे फुप्फुसातला कफ घट्ट गोंदासारखा होतो, अन्न नीट पचत नाही आणि घाम जास्त खारट येतो. या वेळी तीच ४ पत्रं घेतेय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न: ताई, मी इंग्लंडमध्ये स्लावला राहते, वय ४१, नोकरी, दोन मुलं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी ६ वर्षांची आहे, ते लोक लेस्टरला असतात. जन्मल्यावर टाचेतून रक्त घेतात त्या टेस्टमध्येच तिला सीएफ निघालं. रोज सकाळ-संध्याकाळ तिचं फिजिओ असतं, बाटलीत साबणाचं पाणी आणि त्यात नळी, तिने फुंकायचं, फेस वर येऊन ट्रेमध्ये सांडला की ही खुदकन हसते आणि मग खोकून कफ काढायचा. जेवताना पचनाची कॅप्सूल. लहान असताना बहीण ती कॅप्सूल उघडून आतले दाणे सफरचंदाच्या प्युरीत घालून द्यायची. आता नवीन काफ्ट्रिओच्या गोळ्या चालू आहेत आणि तब्येत खरंच खूप सुधारलीये. मला एप्रिलच्या लंडन मॅरेथॉनसाठी सीएफच्या चॅरिटीकडून जागा मिळालीये, २००० पाऊंड जमवायचेत. पळायची भीती वाटत नाही, मागायची वाटते. पुण्याहून सासरे म्हणाले, "तू ४२ किलोमीटर पळून पोरीचा खोकला बरा होणारे का? पैसे द्यायचेत तर दे आणि घरी बस." बहिणीच्या सासूबाई म्हणतात कुणाला कळता कामा नये, उद्या पोरीचं लग्न करायचंय, आणि आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं. बहीण म्हणते कर तुला करायचं तर. काय करू?
— एक मावशी, स्लाव

उत्तर: मावशी, आधी त्या "कर तुला करायचं तर" कडे बघा. ही परवानगी नाहीये, हा थकलेला होकार आहे. बहिणीला एकदा निवांत फोन करा, पोरगी झोपल्यावर, आणि सरळ विचारा की पैसे जमवायच्या पेजवर काय लिहिलेलं चालेल आणि काय नाही. नाव? फोटो? "माझी भाची" एवढं तरी? तुम्हाला बहिणी किती हे सगळ्या नातेवाइकांना माहितीये, त्यामुळे "भाची" लिहिलं की झालंच सगळं उघड. माझं मत विचाराल तर फोटो आणि नाव अजिबात नको. आज ती ६ वर्षांची आहे, १६ ची झाली की स्वतःचं नाव सर्च करून बघेल, तेव्हा नाकात नळी असलेला फोटो आणि खाली "प्लीज हेल्प" हे तिला सापडायला नको. आणि "बिचारी" हा शब्द तर कुठल्याच पेजवर नको. ती बुडबुडे सांडले की हसते म्हणता ना, मग बिचारी कशी?

सासूबाईंचं. त्यांना वाटतंय की हे सुनेकडून आलं, आणि तसं त्या बोलत नसल्या तरी बोलल्यासारखंच आहे. सीएफ व्हायला बिघडलेल्या जनुकाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून आणि एक बाबाकडून, एकाच बाजूने आलेली असेल तर मूल फक्त वाहक होतं, आजारी पडत नाही. म्हणजे दोन्ही घराण्यांत ते होतंच, पिढ्यान्पिढ्या गुपचूप चालत आलेलं, कारण वाहकाला काहीच त्रास होत नाही मग कळणार कसं. यूकेत साधारण २५ माणसांत १ जण वाहक असतो. आपल्या लोकांत प्रमाण कमी आहे पण आहे, आणि दोन वाहक एकत्र आले की दर बाळंतपणात ४ मध्ये १ शक्यता. आता हे सासूबाईंना तुम्ही सांगायला जाऊ नका, बहिणीनेही नको. बहिणीच्या नवऱ्याने स्वतःच्या आईला सांगावं, "आई, अर्धं माझ्याकडूनच आलंय." हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं तरच पचतं.

सासऱ्यांचा प्रश्न मला आवडला, कारण तो सगळ्यांच्या मनात असतो, फक्त ते म्हणून दाखवतात. त्यांना ही गोष्ट सांगा. १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये डोरोथी अँडरसन नावाच्या डॉक्टरबाईंनी या आजाराचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं, तेव्हा यातली बरीच बाळं वर्षभरही काढत नसत. १९५५ मध्ये अमेरिकेत पालकांनी मिळून फाउंडेशन काढलं, १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये ट्रस्ट झाला. म्हणजे सुरुवात पालकांच्या वर्गणीतून, आपल्याकडे गणपतीची करतात तशीच म्हणा ना. १९६५ मध्ये अमेरिकेतली एक आई घरून फोनवर फोन करून पैसे मागायची आणि तिचा ४ वर्षांचा मुलगा ऐकत बसायचा, एक दिवस म्हणाला मला माहितीये तू कशासाठी फोन करतेस, "सिक्स्टी फाइव्ह रोझेस" साठी. सिस्टिक फायब्रोसिस हे त्याला पासष्ट गुलाब असं ऐकू आलं होतं! अजूनही सीएफच्या कार्यक्रमांत गुलाब दिसतात ते त्यामुळे.

मग १९८९ मध्ये ते जनुक सापडलं, टोरांटो आणि मिशिगनच्या टीमला. पण जनुक सापडलं म्हणजे औषध मिळालं असं नसतं, आणि एवढ्या थोड्या पेशंटसाठी औषध शोधायला कंपन्या काही रांगा लावून उभ्या नव्हत्या. तेव्हा अमेरिकेच्या त्या फाउंडेशनने वर्गणीतून जमलेल्या पैशातले जवळजवळ १५ कोटी डॉलर एका कंपनीच्या संशोधनात घातले. २०१२ मध्ये पहिली गोळी आली, ती अगदी थोड्या जणांनाच लागू पडायची, आणि २०१९ मध्ये तीन औषधं एकत्र असलेली आली, साधारण ९० टक्के पेशंटना चालेल अशी. तुमची भाची घेते ती हीच. सासऱ्यांना म्हणावं, ज्या गोळीने पोरीचा खोकला कमी झाला तिच्यामागे पळणाऱ्यांचे, केक विकणाऱ्यांचे, टक्कल करून घेणाऱ्यांचे पैसे आहेत.

आता खरं बोलायचं तर याला एक कडू बाजू आहे, ती लपवू नका. त्या फाउंडेशनला गोळ्यांच्या विक्रीतला आपला वाटा, म्हणजे रॉयल्टी, विकून २०१४ मध्ये ३३० कोटी डॉलर मिळाले, ते परत संशोधनात गेले हे चांगलंच, पण अमेरिकेत त्या गोळ्यांची छापील किंमत वर्षाला ३ लाख डॉलरच्या वर ठेवली गेली. वर्गणीतून निघालेलं औषध, आणि जगातल्या बहुतेक घरांना परवडत नाही. इंग्लंडमध्ये २०२० मध्ये एनएचएसचा (तिथली सरकारी आरोग्यसेवा) करार झाला म्हणून तुमच्या बहिणीला ते मिळतंय, आणि त्यासाठीही तिथल्या पालकांनी आणि ट्रस्टने पाठपुरावा केला होता. उरलेल्या १० टक्क्यांना, ज्यांची जनुकातली गडबड वेगळ्या प्रकारची आहे, त्यांना अजून असं काही नाही. "आता तर बरी आहे ना मग कशाला पैसे" असं कुणी विचारलंच तर हे सांगा.

आता मागायचं कसं. मी पहिल्यांदा पळले तेव्हा काय केलं सांगते, ३८० जणांना एकच मेसेज ब्रॉडकास्ट केला, "यथाशक्ती मदत करा" वगैरे. ९ जणांनी पैसे दिले. नमस्काराचे हात मात्र चाळीसेक आले. चूक माझीच, ३८० जणांना पाठवलेला मेसेज कुणालाच पाठवलेला नसतो. दुसऱ्या वेळी रोज ५ जणांना नाव घेऊन लिहिलं, "दादा, तू १० पाऊंड देशील का, शुक्रवारपर्यंत", बस. आकडा सांगायचा, तारीख सांगायची. आपल्याला आकडा सांगायची लाज वाटते पण समोरच्याचं काम सोपं होतं, नाहीतर तो बिचारा विचार करतो की ५ दिले तर कमी दिसतील आणि ५० जास्त होतील, मग नंतर बघू म्हणतो आणि विसरतो. पेजवर पहिला आकडा जरा मोठा पडू द्या, स्वतःचा टाका किंवा नवऱ्याला टाकायला लावा, कारण पुढचे लोक वरचा आकडा बघूनच खिशात हात घालतात. महिनाअखेरीला मागू नका, पगार झाल्यावर मागा. ऑफिसला विचारा तुम्ही जमवाल तेवढी भर ते घालतात का, काही कंपन्या घालतात आणि लोक विचारतच नाहीत.

गिफ्ट एडचं नीट समजून घ्या, इथे आपली माणसं हमखास घोळ घालतात. यूकेत टॅक्स भरणाऱ्याने १० पाऊंड दिले आणि तो बॉक्स टिक केला की सरकार वर अडीच पाऊंड देतं. पुण्याच्या काकांनी टिक करायचं नाही, ते तिथे टॅक्स भरत नाहीत. तुमच्या आईकडे सगळ्यांनी शंभर-पाचशेच्या नोटा दिल्या आणि तुम्ही तेवढे पाऊंड तुमच्या कार्डने भरले तरी टिक करायचं नाही, कारण ते पैसे तुमचे नाहीत. महाराष्ट्र मंडळात वडापावचा स्टॉल लावणार असाल (लावाच, मंडळात वडापावला कोण नाही म्हणतंय) तर त्या गल्ल्यावरही गिफ्ट एड नाही, माणसाला पैशाच्या बदल्यात वडापाव मिळालाय ना. तो पैसा वेगळा भरायचा. स्टॉलवर शेंगदाण्याच्या चटणीची पाटी मोठ्या अक्षरात लावा, तिकडे ॲलर्जीचं फार कडक असतं. आणि बहुतेक चॅरिटी २००० च्या टार्गेटमध्ये गिफ्ट एड धरत नाहीत, तुमच्या फॉर्मवर काय लिहिलंय ते बघून घ्या.

अजून एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं पण तुम्ही विचारलेलं नाही. भाचीला चिअर करायला आणणार असाल तर चॅरिटीच्या लोकांना आधी सांगा. सीएफ असलेल्या दोन माणसांनी एकमेकांच्या जवळ यायचं नसतं, एकाच्या फुप्फुसातले जंतू दुसऱ्याला फार महागात पडतात. म्हणून बंद जागेतल्या कार्यक्रमाला सीएफ असलेल्या एकाच माणसाने यायचं असा नियम असतो, आणि उघड्यावरसुद्धा अंतर ठेवायचं. विचार करा, त्याच आजाराच्या दुसऱ्या मुलीशी ती कधी शेजारी बसून खेळू शकणार नाही. चॅरिटीच्या टेंटजवळ उभं राहण्यापेक्षा बहिणीला म्हणा कटी सार्क या जुन्या जहाजाच्या आसपास किंवा टॉवर ब्रिजच्या पुढे कुठेतरी आपली आपण मोकळी जागा धरा. टॉवर ब्रिज म्हणजे जवळजवळ अर्धं अंतर झालेलं असतं, तिथे ओळखीचा चेहरा दिसला की पुढचे ५ किलोमीटर सहज निघून जातात. पळून आल्यावर भाचीने पापा घेऊ दिला तर बघा, त्या दिवशी तुमचं कपाळही तिच्याइतकंच खारट असेल.

प्रश्न: या वर्षी ३ जणांनी माझ्याकडून पळण्यासाठी पैसे घेतले. एक भाचा लंडनला पळाला, तिथे फिरला, फोटो टाकले. म्हणजे मी त्याच्या ट्रिपचे पैसे दिले का? स्पष्ट सांगा.
— एक वैतागलेला मामा, ठाणे

उत्तर: मामा, विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लंडनला चॅरिटी आयोजकांकडून जागा विकत घेते, त्याला काहीशे पाऊंड पडतात, मग ती जागा पळणाऱ्याला देते आणि त्याच्याकडून २००० किंवा त्याहून जास्त जमवायचं कबूल करून घेते. म्हणजे तुमच्या पैशातला काही भाग जागेला जातो हे खरंय. विमान, हॉटेल, बूट मात्र त्याने स्वतःच्या खिशातून करायचे असतात. भाच्याला एवढंच विचारा, "ट्रिपचा खर्च तुझा ना?" हो म्हणाला तर फोटोंना लाइक करा. नुसतं हसला तर पुढच्या वर्षी चॅरिटीला थेट द्या.

प्रश्न: माझा नातू ४ वर्षांचा आहे. सतत खोकला, वजन वाढेना. ६ महिने टीबीची औषधं झाली, मग दमा म्हणाले, शेवटी मोठ्या हॉस्पिटलात घामाची टेस्ट केली आणि सीएफ निघालं. अशा मुलांसाठी काही करावं म्हणून मी (वय ६३, रोज ५ किलोमीटर चालतो) मुंबई मॅरेथॉनमध्ये भाग घ्यायचं म्हणतोय. अमेरिकेतला धाकटा मुलगा म्हणतो, बाबा मी इथल्या मित्रांकडून गोळा करतो आणि तुमच्या खात्यात टाकतो, तुम्ही वाटा. चालेल का?
— एक आजोबा, सांगली

उत्तर: आजोबा, नमस्कार. तुमच्या नातवाचं जे झालं ते आपल्याकडे बऱ्याच जणांचं होतं. इंग्लंडमध्ये २००७ पासून प्रत्येक नवजात बाळाची तपासणी होते, आपल्याकडे तसा देशभराचा कार्यक्रम नाही, आणि टीबी एवढा की खोकला आणि वजन कमी म्हटलं की डॉक्टरांच्या डोक्यात तेच आधी येतं. एक विचारून ठेवा, सांगलीच्या उन्हाळ्यात या मुलांचं घामातून मीठ भराभर जातं, पोर एकदम मलूल पडतं, तेव्हा मार्चच्या आधीच डॉक्टरांकडून मीठ-पाण्याचं प्रमाण लिहून घ्या. आणि जनुकाची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट जपून ठेवा, आपल्याकडच्या पेशंटमध्ये जनुकातले बदल वेगळे असू शकतात त्यामुळे कुठलं औषध लागू पडेल ते त्यावर ठरतं.

पैशाचं, तुमच्या खात्यात मित्रांचे पैसे नको म्हणजे नको. मुलगा तुमचा, त्याने स्वतःचे पैसे नातवासाठी पाठवले तर प्रश्न नाही. पण मित्र अमेरिकन नागरिक असतील तर तो परदेशी निधी धरतात, मित्र मूळचे सांगलीचे असले तरी पासपोर्ट अमेरिकेचा झाला की परदेशीच, आणि त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागतो. संस्थेलाही तसे पैसे घ्यायचे तर एफसीआरएची नोंदणी हवी आणि ते दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्टवाल्याने आपल्या कमाईतले बँकेमार्फत पाठवले तर त्यात ते येत नाही. उद्या इन्कम टॅक्सवाल्याने विचारलं हे एवढे लोक तुम्हाला का पैसे पाठवतात, तर कुणाकुणाचे पासपोर्ट दाखवणार तुम्ही?

त्यापेक्षा असं करा, ज्या हॉस्पिटलात निदान झालं तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा की गरीब सीएफ मुलांसाठी फंड आहे का, कुठल्या ट्रस्टमार्फत चालतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, २००४ पासून चालू आहे, आणि तिथे देणग्यांचं काम युनायटेड वे मुंबई बघतं, त्यांच्याकडे नोंद झालेल्या संस्थेसाठीच तुम्हाला तिथून पैसे जमवता येतात. ट्रस्टची तशी नोंद आहे का हे पावसाळ्यातच बघा, डिसेंबरात धावाधाव नको. भारतातल्या देणाऱ्यांना ८०जीची पावती मिळते, पण २००० रुपयांच्या वर रोख दिली तर सवलत नाही, आणि ज्यांनी नवीन टॅक्स पद्धत घेतलीये त्यांना तर नाहीच, हे आधी सांगा नाहीतर नंतर पावतीवरून भांडणं होतात.

आणि लोकांना सांगताना कोटीच्या गोळ्यांबद्दल बोलू नका, ऐकूनच माणूस खचतो आणि म्हणतो माझ्या ५०० ने काय होणार. पचनाच्या कॅप्सूल, नेब्युलायझर, अँटिबायोटिक्स, फिजिओ शिकायला सांगलीहून येण्याजाण्याचं एसटीचं भाडं, हे सांगा. ५०० ला तिथे किंमत आहे. तुमच्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची ४ किलोमीटरच्या आसपासची रेस असते, तुम्ही रोज त्याहून जास्त चालता.

प्रश्न: ताई मी २३, पुण्यात असतो, मलाच सीएफ आहे. आजवर सगळे माझ्यासाठी पळाले, आता मला स्वतः १०के पळून फंड जमवायचाय. आई नको म्हणते. इन्स्टावर मुंबईचा एक सीएफवाला मित्र झालाय, आम्हाला एकत्र पळायचंय.
— पळणारच

उत्तर: अरे वा. व्यायाम तुझ्या ट्रीटमेंटचाच भाग आहे, पळताना कफ सुटतो आणि मधेच खोकला येतो त्याला घाबरू नकोस, रुमाल ठेव, बाजूला थांब, काढ, पुढे जा. पण आधी तुझ्या डॉक्टरांना आणि फिजिओला भेट आणि जाताना आईला बरोबर ने, तिला जे तू सांगून पटत नाहीये ते त्यांनी सांगितलं की पटेल. मिठाचं प्रमाण त्यांच्याकडून घे, नुसतं पाणी पीत राहिलास तर उलट त्रास होईल. कफात रक्त दिसलं किंवा ताप असला तर त्या दिवशी पळायचं नाही, बिब (छातीवर लावायचा नंबर) मिळालेला असला तरी.

मित्राबरोबर शेजारी शेजारी मात्र नाही, का ते वर मावशींना लिहिलंय, तुला माहीतही असेल. तो मरीन ड्राइव्हला पळू दे, तू पाषाण रोडला पळ, एकाच रविवारी, सकाळी ६ ला, दोघांच्या कानात फोन. धाप कुणाला आधी लागते ते कळेलच, आणि त्या रेकॉर्डिंगचा १० सेकंदांचा तुकडा तुमच्या पेजवर टाका, माझे ५०१ पहिले.